आईबाबांना मुरुमं होती? मग मुलांसाठी आतापासूनच एवढं करा

मागच्या दिवाळीतली गोष्ट. अभ्यंगस्नान झालं, नवे कपडे झाले, फराळाची ताटं मांडून झाली, तरी माझी अकरा वर्षांची लेक आरशासमोरून हलायला तयार नाही. "आई, इकडे ये ना. हे बघ काय आलंय." कपाळावर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक दाणे. मी वाकून पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "अरे देवा, माझंच आलं की गं तुझ्यात!"

तिने आरशातून माझ्या गालांकडे पाहिलं. माझ्या दोन्ही गालांवर लहान लहान खड्डे आहेत, पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुरुमांनी ठेवलेले. ती काही बोलली नाही, पण त्या नजरेत जे होतं ते मला दिवाळीभर टोचत राहिलं. तिला मुरुमांची भीती वाटली नव्हती. तिला माझ्या चेहऱ्याची भीती वाटली होती.

वाचकहो, तुमच्यातही असे आईबाबा असतील. आपण वर्षानुवर्षं जे सोसलं तेच आता मुलांच्या चेहऱ्यावर उगवताना बघायचं, आणि वर घरातल्या मोठ्यांकडून "आमच्या घराण्यात नाही हो कुणाला असलं" हेही ऐकायचं. (हे वाक्य दोन्हीकडच्या आज्या म्हणतात. मग ती मुरुमं नेमकी येतात कुठून, हे एक कोडंच आहे.) म्हणून या वेळी याच विषयावर बोलू. वारशाने नेमकं काय येतं, त्यात आपल्या हातात किती असतं आणि काय अजिबात करू नये.

वारशाने काय येतं?

मुरुमं म्हणजे चेहरा अस्वच्छ असल्याचं लक्षण, हा समज आधी काढून टाकू. आपल्या त्वचेवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी एक बारीक ग्रंथी असते. चेहरा, छाती आणि पाठ इथे या ग्रंथी जास्त असतात. वयात येताना शरीरात अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांच्या आणि मुलींच्याही. त्यामुळे या ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त सुटतं. त्याच वेळी केसाच्या नळीतल्या मृत पेशी एकमेकींना चिकटून तोंडाशी बूच बसल्यासारखं होतं. आत तेल साचतं, तिथे नेहमीच राहणारे जिवाणू फोफावतात, शरीर त्यांच्याशी झगडायला लागतं आणि ती जागा लाल होऊन सुजते. ते झालं मुरूम. सूज नसेल आणि नुसतं बूचच असेल, तर तो पांढरा किंवा काळा दाणा दिसतो. काळ्या दाण्यातला काळेपणा मळाचा नसतो. तो त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवेशी संबंध आल्याचा परिणाम असतो, त्यामुळे कितीही घासलं तरी तो जात नाही.

यातलं वारशाने काय येतं? ग्रंथी किती मोठ्या, त्या संप्रेरकांना किती जोराने प्रतिसाद देतात, नळीतल्या पेशी किती चिकटतात आणि सूज किती जहाल येते. यामागे एकच जनुक नाही, अनेक आहेत, आणि ती आईकडून येतात तशी बाबांकडूनही येतात. तेव्हा दोन्ही आज्यांनी मिटवून घ्यायला हरकत नाही.

2002 मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 458 जोड्या हुबेहूब जुळ्यांच्या आणि 1099 जोड्या साध्या जुळ्यांच्या होत्या. बायकाबायकांमध्ये मुरुमांच्या बाबतीत जो फरक दिसला, त्यातला 81 टक्के फरक अनुवंशिकतेमुळे आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. हा आकडा वाचून कुणी हाय खाऊ नका. "माझ्या मुलाला मुरुमं येण्याची शक्यता 81 टक्के" असा त्याचा अर्थ नाही. एकाच देशात, साधारण एकसारखं खाणंपिणं असणाऱ्या लोकांत कुणाला जास्त आणि कुणाला कमी, हे ठरवण्यात जनुकांचा वाटा मोठा आहे, एवढंच तो सांगतो. सगळ्यांचं राहणीमानच पार वेगळं असेल तर काय होतं, याबद्दल तो बोलत नाही.

योगायोग म्हणजे त्याच 2002 साली दुसरा एक अहवाल आला. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या 1200 आणि पॅराग्वेतल्या आचे जमातीच्या 115 लोकांना डॉक्टरांनी तपासलं होतं. कंदमुळं, फळं, मासे, नारळ, शिकार असं खाणारी ही माणसं. त्यांच्यात मुरुमाचा एकही रुग्ण सापडला नाही, अगदी तरुण पोरांमध्येही नाही. त्या लोकांची जनुकंही वेगळी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय आहाराला देऊन मोकळं होता येणार नाही. पण वारसा असला तरी सगळंच ठरून गेलेलं नसतं, एवढं मानायला जागा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. पौगंडावस्थेत थोडीफार मुरुमं बहुतेक सगळ्यांनाच येतात. आईवडिलांना जोरात आली असतील, तर मुलांना ती जरा लवकर आणि जास्त येण्याचा संभव असतो. चांगल्या सवयींनी ती पूर्ण थांबतीलच असं कुणी सांगत असेल, तर तो काहीतरी विकत असणार. सवयींनी त्यांचा जोर कमी होतो, ती चिघळत नाहीत आणि मुख्य म्हणजे खड्डे आणि डाग टाळता येतात. मला माझ्या लेकीसाठी एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे.

धुणं, पुसणं आणि डोक्याचं तेल

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य क्लिंझरने किंवा सौम्य साबणाने धुवायचा, शिवाय खेळून घामाघूम होऊन आल्यावर एकदा. बस. मी कॉलेजात असताना दिवसातून आठ-आठ वेळा कपडे धुतल्यासारखा चेहरा धुवायची. त्वचा कोरडी पडून चुरचुरायची आणि मुरुमं होती तशीच. डाळीचं पीठ, अक्रोडाच्या सालीचे स्क्रब, खरखरीत टॉवेल यांनी घासून मुरूम निघत नाही, उलट सुजलेली जागा आणखी सुजते. दिवाळीच्या उटण्याला माझी हरकत नाही, पण मुरुमं असलेल्या गालावर ते रगडायचं नाही. लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांना तर चेहऱ्यापासून दूरच ठेवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं, तर त्वचा पोळून काळे डाग पडू शकतात. उपाय म्हणून लावायचं आणि नवंच दुखणं घ्यायचं!

चेहरा धुतल्यावर हलकं मॉइश्चरायझर लावावं, तेलकट त्वचेलाही. विकत घेताना डबीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' असं लिहिलंय का बघा. म्हणजे ते छिद्रं बुजवणारं नाही. सनस्क्रीनचंही तसंच. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम बरं झाल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि ऊन लागलं की तो अधिक गडद होतो. अनेकदा लोक ज्याला 'मुरुमं' म्हणतात ते खरं तर जुन्या मुरुमांचे डागच असतात.

आता तेल. इथे घरोघरी वाद होणार याची मला कल्पना आहे, कारण माझ्या घरी झाला. लेकीचं कपाळ बघून मला पहिली शंका आली ती तिच्या वेणीची. सकाळी शाळेत जाताना आजी खोबरेल तेल चोपडून, चापूनचोपून दोन वेण्या घालायच्या. दिवसभर ते तेल घामाबरोबर कपाळावर उतरायचं. खोबरेल तेल छिद्रं बुजवणाऱ्यांपैकी आहे, आणि केसांच्या कडेने, कपाळावर आणि कानशिलावर बारीक दाण्यांची रांग दिसली की त्वचेचे डॉक्टर आधी केसांच्या तेलाचीच चौकशी करतात. मुंबई, चेन्नई, कोची अशा दमट हवेच्या गावांत राहणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं.

सासूबाईंना "तेल लावू नका" म्हणण्याची माझी हिंमत नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. आम्ही तोडगा काढला. तेल शनिवारी रात्री, केसांच्या मुळांपेक्षा लांबीला जास्त. डोक्याला जुना सुती रुमाल बांधून झोपायचं आणि रविवारी सकाळी न्हायचं. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलायचा. कपाळावर रुळणारी बट पिनेत अडकवायची. सासूबाईंना तेल लावायला मिळतं, नातीला मालीश मिळतं आणि महिना-दोन महिन्यांत कपाळ बरंच निवळलं. गालांवरचे दाणे मात्र राहिले. त्यांचं कारण तेल नव्हतंच.

मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेटच्या हेल्मेटचा पट्टा विसरू नका. हनुवटीवर घाम आणि घर्षण दोन्ही एकत्र आलं की तिथेच पुटकुळ्या उठतात. पट्टा पुसायचा, खेळ झाला की तोंड धुवायचं आणि घामाचा टी-शर्ट लगेच बदलायचा. पाठीवरची निम्मी कटकट यानेच कमी होते.

ताटात काय असावं

"उष्णता झालीय, पोट साफ नाही, म्हणून आलंय." हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. तिखट आणि आंबा यांना आपल्याकडे उगीच आरोपी केलं जातं. गंमत म्हणजे चॉकलेटला मात्र 1969 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाने निर्दोष सोडलं होतं. तिथे काहींना चॉकलेटची वडी दिली आणि काहींना चॉकलेट नसलेली वडी. दोन्हीकडे मुरुमं सारखीच. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी तेवढीच होती! म्हणजे दोघांना गोडच खायला घालून 'काही फरक नाही' म्हणण्यासारखं झालं.

अलीकडच्या अभ्यासांचा रोख वेगळा आहे. रक्तातली साखर झपकन वाढवणारे पदार्थ, म्हणजे मैदा, साखर, शीतपेयं, बिस्किटं, पांढरा ब्रेड, खाल्ले की इन्सुलिन वाढतं. त्याच्यासोबत असे संदेश वाढतात जे तेलाच्या ग्रंथींना आणखी काम करायला लावतात. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 43 तरुण मुलांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांच्या जेवणात असे पदार्थ कमी केले आणि प्रथिनं वाढवली, त्यांची मुरुमं इतरांपेक्षा जास्त कमी झाली. अभ्यास लहान होता आणि त्या मुलांचं वजनही उतरलं होतं, म्हणून याला रामबाण समजू नका. पण ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, आमटी, भाजी, अंडं, मासे, फळं असं जेवण मुलांना तसंही द्यायचंच असतं. त्यात त्वचेचं भलं होत असेल तर उत्तमच. इंदूरच्या वाचकांनी रविवारच्या पोहे-जिलेबीची धास्ती घेऊ नये. रोज संध्याकाळी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणि वर कोल्ड्रिंक, ही सवय खरी मोडायची आहे.

दुधाचं काय? दूध जास्त पिणाऱ्या मुलांत मुरुमं थोडी जास्त दिसतात, असं काही पाहण्यांत आढळलं आहे, पण दुधामुळेच येतात हे सिद्ध झालेलं नाही. वाढत्या वयात दूध तोडून टाकू नका. दुधातल्या चॉकलेटी पावडरीचे तीन चमचे अर्ध्यावर आणा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर, छातीवर अचानक मोठाली मुरुमं उठली असतील, तर तो जिममध्ये जाऊन व्हे प्रोटीन घेतो का, हे शांतपणे विचारा. व्हे हे दुधापासूनच बनतं आणि ते सुरू केल्यावर मुरुमं भडकल्याची उदाहरणं डॉक्टर नेहमी पाहतात.

झोपेबद्दल लांबण लावत नाही. परीक्षेच्या दिवसांत मुरुमं वाढतात हा मुलांचा अनुभव खरा आहे, आणि त्या दिवसांतली जागरणं त्यात भरच घालतात. रात्री फोन आईबाबांच्या खोलीत चार्जिंगला लावला, तर अर्धं काम होतं. (आईबाबांनीही आपला फोन तिथेच ठेवावा, नाहीतर मुलं ऐकत नाहीत. अनुभव आहे.)

मेडिकलमधली ती ट्यूब

आता माझ्या खड्ड्यांची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची असताना एका मैत्रिणीने एक ट्यूब सुचवली. मेडिकलच्या दुकानात नाव सांगितलं, त्यांनी काही न विचारता काढून दिली. आठ दिवसांत चेहरा गोरापान आणि गुळगुळीत. आई खूश, मी त्याहून खूश. चार महिन्यांनी लावणं बंद केलं आणि चेहऱ्याला आग लागली. लालबुंद झाला, पूर्वीच्या दुप्पट मुरुमं, उन्हात गेलं की जळजळ. घाबरून पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं हे मला दोन वर्षांनी डॉक्टरांकडून कळलं. त्या दोन वर्षांत मी रोज रात्री दार लावून मुरुमं पिळायची. खड्डे त्यातूनच पडले. वारशाने मला मुरुमं मिळाली होती. खड्डे मी स्वतः मिळवले.

ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. स्टेरॉइडने बिघडलेले चेहरे इतके येत होते की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्या प्रकाराला वेगळं नाव दिलं आणि त्याविरुद्ध मोहीमही काढली. 2018 मध्ये सरकारने अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नये, असा नियम केला. तरी शेजारणीने, पार्लरमधल्या ताईने किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओने सुचवलेल्या ट्यूब घरात येतातच. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं नाव दिसलं, तर ती चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने लावायची नाही. आधीच लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

दहा-बारा वर्षांच्या मुलींमध्ये सध्या आणखी एक वेड आहे. व्हिडिओ बघून सीरम, टोनर, रेटिनॉल असं सात-आठ थरांचं प्रकरण. मोठ्या बायकांच्या सुरकुत्यांसाठी असलेली द्रव्यं कोवळ्या त्वचेवर लावली की ती लाल होते, सोलते. क्लिंझर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढ्या तीन वस्तू या वयाला पुरतात.

घरातले शब्द

मला सर्वांत जास्त जे छळलं ते मुरुमांनी नाही, पाहुण्यांनी. "अगं, हिला काहीतरी लाव ना चेहऱ्याला, उद्या स्थळं बघायची आहेत." लग्नकार्यात आत्या-मावश्या हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायच्या. त्यामुळे लेकीच्या बाबतीत घरात एक नियम केला आहे. तिच्या चेहऱ्याबद्दल तिने विषय काढल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, आजीनेसुद्धा नाही, मीसुद्धा नाही. पाहुण्यांनी काढलाच तर मी म्हणते, "डॉक्टरांचं चालू आहे, काकू. चहा घेणार ना?"

मुलगे याबद्दल बोलत नाहीत, म्हणून त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. फोटो काढताना मागे सरकणारा, शाळेच्या सहलीला 'कंटाळा आलाय' म्हणणारा मुलगा कदाचित चेहऱ्यामुळेच मागे राहत असेल. त्याच्याशी बाबांनी बोलावं. स्वतःचे कॉलेजातले जुने फोटो दाखवावेत. माझ्या भावाने आपल्या मुलाला ओळखपत्रावरचा आपला मुरुमांनी भरलेला फोटो दाखवला, तेव्हा तो पोरगा महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्याने हसला.

मुरुमं फोडण्यावर ओरडूनही उपयोग होत नाही. हात आपोआप जातो. लेकीला मी माझ्या गालाला हात लावू दिला आणि सांगितलं, हा खड्डा मुरुमाचा नाही, नखाचा. त्यानंतर तिने स्वतःहून नखं कापली.

डॉक्टरांकडे कधी?

आपण खूप उशिरा जातो. "वय आहे, जाईल आपोआप" म्हणत तीन वर्षं काढतो आणि तोपर्यंत खुणा पडून जातात. आईबाबांना खड्डे असतील तर वाट बघूच नका. नुसते दाणे असतील तर दोन-तीन महिने सवयी सांभाळून पाहायला हरकत नाही, पण लाल, दुखणाऱ्या गाठी दिसल्या, किंवा एकही खड्डा दिसला, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे. वर्ष ते सात वर्षांच्या मुलाला मुरुमं आली तर ती साधी गोष्ट नव्हे, लगेच दाखवा. आठव्या-नवव्या वर्षी कपाळावर चार दाणे आले तर ते बहुधा वयात येण्याची चाहूल असते. मुलीची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी अनियमित आहे, हनुवटीवर जाड केस येताहेत आणि मुरुमंही हटत नाहीत, असं असेल तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी.

डॉक्टर बहुधा अडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडसारखं औषध देतात. ते फक्त मुरुमावर टिपक्यासारखं न लावता, जिथे मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर अगदी पातळ लावायचं असतं. सुरुवातीला त्वचा थोडी कोरडी पडते. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यात "याने काही होत नाही" म्हणून लोक सोडून देतात. औषध सुरू केलं त्या दिवशी एक फोटो काढून ठेवा. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. फार तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात आणि त्या परिणामकारक आहेत, पण गरोदरपणात घेतल्या तर बाळात गंभीर व्यंग होतं. त्यामुळे घरातल्या एकीच्या उरलेल्या गोळ्या दुसरीने घेणं कधीही नको.

आमच्याकडे बेन्झॉइल पेरॉक्साइड सुरू होऊन चौथा महिना आहे. गाल बऱ्यापैकी शांत आहेत, हनुवटीवर दोन नवे दाणे आहेत. या औषधाने कपड्यांचा रंग उडतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लेकीचा निळा टॉवेल आणि सासूबाईंनी हौसेने आणलेला जांभळा अभ्रा, दोन्हींवर पांढरे ठिपके पडले आहेत. आता तिच्यासाठी पांढरे टॉवेल आणले आहेत. तुम्हीही तेच आणा.